कोपऱ्यातल्या खोलीचा दिवा

धाकटी चपला घालूनच पलंगावर आडवी झाली, चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि उशाशी लोंबणारं बटण अंगठ्यानं दाबलं. मग छताकडे बघत पडून राहिली.

हे तिचं ठेवणीतलं हत्यार होतं. वृद्धाश्रम तपासायच्या नोकरीत तिचं आयुष्य गेलं होतं. कागद कोणालाही नीट लावता येतात, फरशी कोणालाही पुसता येते. पण रिकाम्या खोलीतून बोलावणं गेलं, तर कोण येतं, किती लगबगीनं येतं आणि दारात उभं राहताना त्याच्या कपाळाला आठी असते की नसते, यावरून ती त्या जागेची पारख करायची. नोकरी संपली त्याला बरीच वर्षं झाली होती. आज कुठला अहवाल लिहायचा नव्हता. आज तिच्या थोरल्या जाऊबाई बाहेर व्हरांड्यात व्हीलचेअरवर बसल्या होत्या आणि ही खोली त्यांच्यासाठी होती.

बाकी सगळं चोख होतं. तिनं म्हाताऱ्यांची नखं पाहिली होती, टाचा पाहिल्या होत्या, चष्म्याच्या काचा पाहिल्या होत्या. काचा स्वच्छ असल्या, म्हणजे सकाळी कोणीतरी त्या माणसाच्या तोंडाकडे नीट पाहिलेलं असतं. पाण्याचा पेला प्रत्येकाच्या चालत्या हाताच्या बाजूला होता. कामाच्या मावश्या हसतमुख होत्या, आणि ते हसू पाहुण्यांपुरतं नव्हतं. आयुष्यभर चुका काढत हिंडलेल्या बाईला इथे चूक सापडेना, म्हणून ती जरा हिरमुसलीच होती.

बाहेर पावलं वाजली. जवळ आली, दारावरून पुढे गेली. थोड्या वेळानं दुसरी आली. तीही गेली. कोणीतरी हळू आवाजात गाणं गुणगुणत गेलं. धाकटी उठली आणि दार उघडून बाहेर आली. दाराच्या वर तांबडा दिवा लागलेला होता. इथल्या बेलला आवाज नव्हता, कोणाची झोप मोडू नये म्हणून. बटण दाबलं की दारावरचा दिवा लागायचा आणि कोणी आत येऊन उशाशी असलेला खटका बंद करेपर्यंत तसाच राहायचा.

एक मावशी घड्या केलेल्या चादरी घेऊन समोरून येत होती.

“मावशी, इथला दिवा दिसला नाही का?”

“कुठला हो?”

“हा काय, डोक्यावर.”

मावशीनं मान वर करून थेट दिव्याकडे पाहिलं. तांबडा उजेड तिच्या कपाळावर पडला होता.

“बंद आहे की,” ती म्हणाली. मग धाकटीचा चेहरा बघून डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं. “लागलाय? असेल.”

ती चादरी सावरत निघून गेली. धाकटीच्या मनात पाल चुकचुकली. खोटं बोलणारी माणसं तिनं ढिगानं पाहिली होती आणि ही त्यांतली नव्हती.

आश्रमाच्या मेट्रनबाईंनी काही लपवलं नाही. ऑफिसात बसवून त्यांनी सरळ सांगितलं, “त्या खोलीत आधी एक आजी होत्या. दिवसभर बटण दाबायच्या. आमच्या पोरींच्या नाकी नऊ आणले होते. धावत जावं, काय हवंय विचारावं, तर म्हणायच्या, काही नको गं, बघत होते येतं का कोणी.”

“मग?”

“मग काय. किती धावणार? सवय होते माणसाला.”

“आणि त्या गेल्या कशा?”

मेट्रनबाईंनी टेबलावरची टाचणी उचलून डबीत टाकली. “झोपेतच गेल्या, असं आम्ही म्हणतो,” त्या म्हणाल्या. “बटण हातात होतं.”

डबीचं झाकण लावून त्या म्हणाल्या, “तो दिवा अजून मधूनच आपोआप लागतो. वायरमनला दोनदा दाखवलं. त्याला काही सापडलं नाही. मुली आता बघत नाहीत तिकडे.”

धाकटी व्हरांड्यात आली तेव्हा थोरली कुंडीतल्या झाडाची वाळकी पानं खुडत बसली होती. दोघी एकाच घरात सुना म्हणून आल्या, एकाच घरात विधवा झाल्या. दीर, नवरे, सासू-सासरे एकेक करून गेले आणि त्या मोठ्या घरात या दोन जावा एकमेकींवर करवादत उरल्या. धाकटी सत्तरीला टेकली होती, तरी नात्यानं ती अजून धाकटीच होती आणि थोरली तिला तसंच वागवायची.

“काय मग तपासनीसबाई? पास की नापास?”

“नापास,” धाकटी म्हणाली, आणि तिनं सगळं सांगितलं.

थोरली ऐकत राहिली. मग हसली. “म्हणजे तुझ्याच जातकुळीची बाई होती की ती. तू तरी दुसरं काय करत होतीस आत्ता?”

“चेष्टा नको हो जाऊबाई. इथे नाही ठेवणार मी तुम्हाला.”

“मग कुठे ठेवशील? डोक्यावर?”

गेल्या महिन्यात थोरली न्हाणीघरात पडली होती आणि तिला उठवताना धाकटीची कंबर धरली होती. दोघी ओल्या फरशीवर एकमेकींना टेकून बसून राहिल्या होत्या, शेजारीण येईपर्यंत. खरं म्हणजे थोरलीनं हाकच मारली नव्हती. ती कधी मारतच नसे. तहान लागली तरी घसा दाबून बसायची, पण कोणाला उठवायची नाही. धाकटीला काळजी होती ती त्याचीच. ही बाई जन्मात एकदा बटण दाबेल, आणि ते उगाच नसेल.

दुसऱ्या आश्रमांतून नकार आले होते. इथे हीच एक खोली होती, आणि उत्तर संध्याकाळपर्यंत हवं होतं.

“तांबडा दिवा काढा,” धाकटीनं मेट्रनबाईंना बजावलं. “मोठा बल्ब लावा, हिरवा. रंग बदलला की नजर बदलते. आणि मी रोज येणार आहे, आधीच सांगून ठेवते.”

“या की,” मेट्रनबाई म्हणाल्या. “आम्हालाही बरं.”

हिरवा बल्ब लागला आणि थोरली राहायला आली. धाकटी रोज दुपारी यायची. आल्या आल्या गुपचूप बटण दाबायची आणि खुर्चीत बसून वाट बघायची. मावश्या खरंच धावत यायच्या. कपाळाला आठी नसायची. थोरलीचा चष्मा स्वच्छ असायचा, केस विंचरलेले असायचे. ती हॉलमध्ये बायकांबरोबर पत्ते खेळायला लागली आणि राजरोस लबाडी करून जिंकायलाही लागली. धाकटीचा जीव भांड्यात पडला. घरी गेल्यावर तिला घर खायला उठायचं, पण त्याला इलाज नव्हता.

मग एका दुपारी दोघी हॉलमध्ये बसल्या असताना धाकटीला दूर व्हरांड्याच्या टोकाला हिरवा उजेड दिसला. थोरली तर तिच्याशेजारी बसून पत्ते पिसत होती. धाकटी कंबर धरून जवळजवळ पळतच गेली. खोली रिकामी होती. चादर ताणून बसवलेली होती, बटण उशीवर ठेवलेलं होतं. तिनं खटका बंद केला. उशीच्या मधोमध थोडासा खळगा होता. तिनं तो हातानं सारखा केला आणि मावशीनं उशी नीट झटकली नसेल, अशी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी दिवा पुन्हा लागला. त्यानंतर तो रोजच लागू लागला, कधी एकदा, कधी सारखाच. वायरमन येऊन गेला. मावश्या आधी जायच्या, मग धाकटी जायला लागली, कारण ती असली की त्या म्हणायच्या, काकू आहेतच. पहिले काही दिवस ती धावत गेली. पुढे चालत जाऊ लागली. दारात उभी राहून रिकाम्या पलंगाला विचारायची, “काय हवंय?” आणि आपलंच आपल्याला हसू येऊन खटका बंद करायची. एकदा हातातला चहा संपवून गेली. एकदा थोरलीचा डाव रंगात आला होता, तेव्हा दिवा लागलेला तिनं पाहिला आणि मनाशी म्हणाली, लागू दे. उठून जाण्यासारखं तिथे काही नाही, हे तिला ठाऊक होतं. संध्याकाळी निघताना तिनं तो बंद केला. नंतर नंतर दिवा लागायचाच थांबला, असं तिला वाटलं. वायरमनच्या हाताला शेवटी गुण आला, असं तिनं मेट्रनबाईंना सांगितलंसुद्धा. मेट्रनबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

त्या दिवशी ऊन फार होतं. धाकटी दमून आली आणि थोरलीच्या दारासमोरच्या बाकावर टेकली. चादरीवाल्या मावशीनं पाणी आणून दिलं, मग चहा आणला आणि स्वतःही शेजारी बसली. मावशीच्या मुलीचं लग्न ठरत होतं. स्थळ कसं आहे, सासूचा स्वभाव कसा वाटतो, नणंदा किती, असं सगळं सविस्तर बोलणं झालं. सासू कशी पारखावी, यावर धाकटीनं मावशीला दोन युक्त्याही सांगितल्या. बाकाशेजारच्या खोलीत नुकतेच राहायला आलेले एक मास्तर दार उघडं टाकून बसले होते. ते मधेच वर बघत, मधेच या दोघींकडे बघत. नवीन माणूस, बोलायला बिचकत असेल, असं धाकटीला वाटलं. तिनं त्यांच्याकडे बघून मान हलवली.

चहाचा कप मावशीकडे देऊन ती उठली आणि दार ढकलून आत गेली.

थोरली पलंगावरून निम्मी खाली आली होती. एक पाय जमिनीकडे लोंबत होता आणि एका हातानं तिनं कठड्याचा गज धरला होता. बोटं पांढरी पडली होती. दुसऱ्या हाताचा अंगठा बटणावर होता.

“मावशी!” धाकटी ओरडली.

सगळ्या धावत आल्या. तिघींनी मिळून थोरलीला वर घेतलं, उशीला टेकवलं, पाणी पाजलं. कोणी तिचे हात चोळले, कोणी पाय. चादरीवाल्या मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं.

“अहो आजी, बटण दाबायचं की हो!”

“दाबत होते,” थोरली म्हणाली. तिला धाप लागली होती. “तुम्ही दोघी बाहेर बोलत होतात, ते सगळं ऐकू येत होतं. ओरडायला श्वास पुरेना. म्हटलं, दिवा तर लागलाय, आणि ही तर समोरच बसलीय. येईल.”

धाकटी बाहेर आली. मावश्याही तिच्यामागून आल्या. सगळ्यांनी दारावर पाहिलं.

“बंदच आहे,” एक मावशी म्हणाली. “बल्ब गेला असेल.”

“बंदच होता,” धाकटी म्हणाली. “मी समोर बसले होते. लागला असता तर दिसला नसता का मला?”

मास्तर आपल्या दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी घसा खाकरला.

“माफ करा, पण लागलाय की तो. हिरवा. तुम्ही आलात तेव्हापासून लागलाय. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. इथली रीत मला ठाऊक नाही.”

धाकटीनं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा लावला. दारावरच्या दिव्याला काचेचं गोल झाकण होतं, त्यावर थोडी धूळ होती. आत अंधार होता. तिनं मास्तरांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. उलट त्यांना तिची काळजी वाटत असावी.

तिनं आतली खुर्ची ओढून दारात आणली.

“काकू, अहो काकू, पडाल!”

तिनं ऐकलं नाही. चौकटीला धरून ती खुर्चीवर चढली. गुडघे कुरकुरले, कंबरेत कळ आली. मावश्यांनी खालून खुर्ची धरून ठेवली. तिनं हात वर केला आणि त्या अंधाऱ्या काचेवर पालथा ठेवला. काच चांगलीच तापलेली होती.

“काय गं?” आतून थोरलीनं विचारलं. तिचा आवाज अजून बारीक येत होता. “लागलाय ना?”

धाकटीनं हात तसाच राहू दिला. हाताला चटके बसत होते आणि डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

“लागलाय, जाऊबाई,” ती म्हणाली.