आंदणाची गाडी

नागेशची गाडी एका रात्रीत म्हातारी झाली. संध्याकाळी हडपसरच्या पुलाखाली त्यानं ती पुसून लावली तेव्हा चांगली तरणीताठी होती, दुधासारखी पांढरी, हात फिरवावा तर निसटावा अशी. सकाळी मोबाईल उघडला तर ॲपवर लाल पट्टी. आठ वर्षांवरची गाडी यापुढं चालणार नाही. दुसरी गाडी जोडा, मग भाडी मिळतील. त्यानं हेल्पलाईनला फोन लावला. तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग बासरी वाजायला लागली. दिवसभर बासरीच वाजली. माणूस काही बोलेना. शेवटी तो रिकामी गाडी घेऊन बारामतीला आला आणि त्या बासरीवाल्या बाईच्या वाटणीच्या सगळ्या शिव्या त्यानं घरात दिल्या.

ऐकायला त्याची बायको प्रगती होती.

गाडी तिच्या आंदणातली. लग्नात तिच्या वडिलांनी, अप्पांनी, निमगाव केतकीच्या पानमळ्याच्या जिवावर ती मांडवाच्या दारात उभी केली होती. कागदावर नाव लेकीचंच घातलं होतं. तेवढं डोकं म्हाताऱ्यानं चालवलं होतं. आईनं, धोंडाबाईनं, गाडीच्या आरशाला लोकरीचा गोंडा बांधला आणि बायकांच्या घोळक्यात उभ्या उभ्या ओवी जुळवली होती:

आंदण दिली गाडी, तिला गोंडा मी बांधिते
लेकीच्या वाटंवरला खडा खडा मी वेचिते

वाटेवरचे खडे वेचून संपत नाहीत हे धोंडाबाईला तेव्हाही ठाऊक असणार, पण ओवीत तसं कुणी म्हणत नाही. पुढं नागेशनं बायकोच्या सह्या घेऊन गाडीला पिवळी पाटी लावली आणि गाडी पुण्यात भाड्यानं धावू लागली. ती हळद लागल्यासारखी पाटी बघून प्रगतीला वाटलं होतं, चला, आता हिचंही लग्न लागलं. आता हिलाही परक्याच्या दारात राबायचं.

आणि आता तीच गाडी अंगणात उभी होती आणि नागेश तिच्याभोवती फेऱ्या घालत होता.

"काय बिघडलंय हिचं? इंजिन बघ, घड्याळासारखं चालतंय. पाशिंजर झोपायची हिच्यात, झोपायची! आन् हे कोण कुठलं बेणं एसीत बसून म्हनतंय, म्हातारी झाली."

"एमआयडीसीत कामगारांच्या बसवर डायवर पाहिजेत म्हनं," प्रगती म्हणाली. "शेजारचे सोनबाभावजी सांगत होते."

"दुसऱ्याच्या गाडीवर? मालक हाय मी, मालक." मग तो थांबला, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. त्या मऊपणाची तिला शिव्यांपेक्षा जास्त धास्ती वाटायची. "तुझ्या भावानं दसऱ्याला नवी घेतली न्हवं? त्याला कशाला पाहिजे नवी? मळ्यातनं बाजारात, बाजारातनं मळ्यात. पानांच्या करंड्या काय गाडीचं वय इचारत्यात व्हय? आपली त्याला द्यायची, त्याची आपन घ्यायची. चाकाला चाक. ह्यात मागनं कुठं आलं?"

"त्यानं हौसंनं घेतलीय."

"मग तू बी हौसंनं माग. परवा भाऊबीज हाय. ओवाळताना ताटात चावी माग. ताटात मागितल्यालं भाऊ न्हाय म्हनत नसतो."

भाऊबीजेच्या सकाळी सई, त्यांची सहा वर्षांची पोर, नवा परकर घालून गाडीजवळ उभी राहिली. सासूनं तिचा दंड धरून तिला आत घेतलं. "कणकण हाय तिला. हितंच राहू दे."

प्रगतीनं पोरीच्या कपाळाला हात लावला. रांजणाच्या पाण्यासारखं गार होतं.

"तुमी चावी घेऊन या," सासू म्हणाली. "मग पोरीला फटाकडं आनू. काय गं सई?"

रस्त्याला कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या. भवानीनगर आलं. गळीत सुरू झालेलं, हवेत मळीचा गोडसर उग्र वास. एका ट्रॉलीमागं गाडी अडकली तेव्हा त्यानं हॉर्नवर तळहात दाबून धरला तो सोडेचना.

"काय म्हनशील, सांग बरं."

"माहिताय मला."

"म्हनून दाखव."

ती काचेबाहेर बघत राहिली. उसाला तुरे आले होते.

"तुझ्या अप्पांना मी फोन करून ठेवलाय," तो म्हणाला. "ते न्हाय म्हननार न्हाईत. तुझा भाऊ जरा आखडतोय. तेवढं तू बघ. आन् एक ध्यानात ठेव. चावी न घेता निघालीस, तर ह्या म्हातारीसंगं तुलाबी हितंच सोडून जानार. दोघी मिळून बसा मग पानं मोजत."

तिनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. त्यानं पाहिलं नाही. डोळे ट्रॉलीवर, जबडा ताठ. पुण्यात पुलाखाली सीट मागं पाडून झोपणारा, डाळखिचडी खाऊन भाडी ओढणारा हाच माणूस, आणि त्याला कुणी नीट 'नको' असंसुद्धा म्हटलं नव्हतं, नुसती बासरी ऐकवली होती. तिला त्याची दया आली, आणि त्या दयेचाच राग आला.

निमगावात मळ्यावरच्या घरापुढं शेडमध्ये नवी गाडी उभी होती. लाल. दसऱ्याचा हार अजून बॉनेटवर, झेंडू तपकिरी पडलेले. वहिनी, रोहिणी, ओसरीवरनंच म्हणाली, "या वन्सं. दाजी, गाडी जरा लांब लावा. घासंल नव्याला."

"घासल्यावर काय, जुनीच व्हईल," नागेश हसून म्हणाला. "आज न्हाय तर उद्या."

रोहिणी हसली नाही.

अप्पांनी पाणी विचारलं. "या नागेशराव, बसा." त्यांची नजर जावयाच्या चपलांवरच होती. धोंडाबाईनं लेकीला आत ओढून तोंडावरून हात फिरवला आणि इकडंतिकडं पाहिलं. "सई?"

"कणकण हाय म्हनल्या."

धोंडाबाईचा हात लेकीच्या गालावर होता तिथंच राहिला.

भाऊ, अविराज, बोलावल्यावरच बाहेर आला. लहानपणी तो प्रगतीच्या कडेवर वाढलेला. ती नदीवर धुणं न्यायची तेव्हा तो धुण्याच्या बोचक्यावर बसून जायचा. आता खांद्याला दार पुरेना असा झालेला. पाटावर येऊन बसला, डोक्यावर रुमाल घातला आणि म्हणाला, "उरकून घे आक्का."

तिनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या. निरांजनाची वात हलत होती. एकदा ओवाळलं, दोनदा ओवाळलं. दारात टेकलेला नागेश खाकरला.

ती बोलायच्या आतच अविराजनं शर्टाच्या खिशात हात घातला आणि ताटात चावी टाकली. टाकलीच. सुपारी उडाली, कुंकवाचा करंडा कलंडला. चावीला शोरूमची लाल फीत तशीच होती.

"घे. मागायची पाळी आनत न्हाय तुझ्यावर. दाजींनी अप्पांना पढवलंय, अप्पांनी मला पढवलंय. माझीच पोपटपंची तेवढी राह्यली व्हती."

"वन्सं, गाडीवरचा हार तरी सुकू द्यायचा," रोहिणी म्हणाली.

"वाळलाय की," नागेश दारातून म्हणाला.

"दाजी, तुमी बोलू नका. तुमाला कंपनीनं गेटाभायेर काढलं, म्हनून माझ्या दारात आलाय."

"तोंड सांभाळ, अविराज! फुकट मागतोय का? गाडी देतोय बदल्यात."

"कसली? कंपनीनं टाकल्याली? भंगारवाला बी आधी चाकं बघतो."

"सणाचं हाय रं बाबा," अप्पा म्हणाले. "लेकीच्या संसाराचं हाय. दे."

"दिली की! पर ऐक आक्का." अविराज पाटावरून उठला नव्हता, खालूनच तो तिच्याकडं बघत होता, आणि ते बघणं भावाचं नव्हतं. "आज ही चावी घेतलीस की पुढच्या भाऊबीजेला येऊ नको. माझ्याकडं ताटात घालायला काय उरलं न्हाय, असं समज."

शेडमागं गाय दाव्याला ओढ घेत होती.

प्रगतीनं चावी उचलली. भावाच्या खिशातली ऊब तिला होती. नागेशचा हात पुढं आला, तळवा वर. तो हात तिनं पाहिला. मग ती वाकली आणि चावी पाटावर, अविराजच्या गुडघ्याशी ठेवली.

"मला ही नगं. दुसरं मागते. देशील?"

"आता काय, मळा?"

"ती दारातली जुनी गाडी ठेवून घे."

"बदल्यात?"

"बदल्यात काय न्हाय. तुमी आंदण दिलं व्हतं. तुमी परत घ्या."

रोहिणीनं सगळ्यांत आधी हालचाल केली: पाटावरची चावी उचलून कनवटीला लावली. मग नागेश ओरडला.

"येड लागलं का तुला? माझ्या पोटाची गाडी हाय ती!"

"तुमीच म्हनला, कंपनीत आता चालत न्हाय म्हनून."

"विकीन, मोडीन, काय बी करीन! तू कोन?"

"नाव माझं हाय तिच्यावर." तिनं ओवाळायचं ताट खाली ठेवलं. "आज ही लाल नेली, तर आठ वर्षांनी ती बी म्हातारी व्हईल. कंपनी परत पट्टी दाखवंल. तवा कशाला येऊ हितं? तवा कुनाच्या ताटात काय मागू? दर खेपेला गाडी म्हातारी व्हनार, आन् दर खेपेला मी ह्या उंबऱ्यावर. मला न्हाय जमत."

"प्रगे," धोंडाबाई भिंतीला धरून उभी राहिली. "असं वंगाळ बोलू नये गं. आंदण माघारी येतं ते लेक मेल्यावर, न्हायतर टाकल्यावर. लोक काय म्हनतील? आपली लेक टाकली म्हनतील."

"मी मेले न्हाय, आये. आन् टाकली का न्हाय ते अजून ठरायचंय. मी चाललेय बारामतीला. एसटीनं."

"आन् मी ते धूड कुठं लावू?" अविराज म्हणाला. उपकार मानायचं तर सोडाच, त्याचा राग आणखी चढला होता. "गोठ्यात? येता-जाता लोक इचारतील, बहिनीचं आंदण का परत आलं. माझ्याच दारात माझी अब्रू उभी करून चाललीस व्हय?"

"झाकून ठेव. पानांवर घालता ते जुनं कापड घाल."

कुणी तिला थांबवलं नाही. अप्पांनी फक्त "जेवून तरी" एवढं म्हटलं आणि तेही वाक्य सोडून दिलं. बाहेर नागेशनं गाडीचं दार उघडलं. तिला क्षणभर वाटलं, आता हा बसणार आणि घेऊन जाणार. जुनीची चावी तर त्याच्याच हातात होती. अविराज ओसरीच्या पायरीवर आला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. नागेशनं त्याच्याकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं, पिवळ्या पाटीकडं पाहिलं. मग त्यानं आतला मोबाईलचा स्टँड उपटला, पिवळं फडकं घेतलं, मानेखालची उशी घेतली, डिकीतली चादर घेतली, सगळं एका पिशवीत कोंबलं. फडकं परत काढून स्टेअरिंग एकदा पुसलं. का पुसलं कुणास ठाऊक. चावी त्यानं अंगणात मातीत फेकली आणि रस्त्याकडं चालू लागला.

प्रगती त्याच्यामागून चालली. तो मागं बघत नव्हता. ती बोलावत नव्हती.

बारामतीची एसटी आली ती दारापर्यंत भरलेली. बहिणी भावाकडून निघालेल्या, मांडीवर फराळाचे डबे, पोरांच्या तोंडाला करंजीचा भुगा. नागेशला पुढं एक जागा मिळाली. ती दांडी धरून उभी राहिली.

कंडक्टरनं दोघांना एकाच थांब्यावर चढताना पाहिलं होतं. "कुठं? एक फुल, ताईंचं हाफ?"

"बारामती. एक फुल," नागेश म्हणाला.

कंडक्टरनं तिच्याकडं पाहिलं. "मग तुमी, ताई?"

"बारामती. एक हाफ. वेगळं द्या."

लासुर्णे गेलं. नागेशनं मान न वळवताच म्हटलं, "आई उंबऱ्याच्या आत घेनार न्हाय तुला."

"पायरीवर बसंन. सईला बाहेर बोलवीन."

"येनार न्हाय ती."

"येईल. तिला ताप न्हाय."

भवानीनगरला त्याच्या शेजारची म्हातारी उतरली. जागा रिकामी होताच त्यानं आपली पिशवी तिथं ठेवली, फडकं, उशी, चादर, सगळी, आणि खिडकीबाहेर बघू लागला.

प्रगती दोन पावलं पुढं गेली. पिशवी उचलून तिनं त्याच्या मांडीवर ठेवली आणि खाली बसली.