बर्गनचा फळा आणि हलका इलेक्ट्रॉन

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. व्हॉसच्या डोंगरातून काढलेल्या काळ्या दगडाचा. बर्गनच्या विद्यापीठात, भौतिकशास्त्राच्या खोलीत मी आयुष्य काढले. खिडकीबाहेर धुके, आत खडूची धूळ. त्या दोहोंमध्ये मी अर्धवट झोपेतच असे.

माझ्यावर पुन्हा पुन्हा एकच प्रश्न लिहिला जाई. सगळे मूळ कणच, मग टॉप क्वार्क एवढा जड आणि इलेक्ट्रॉन त्याच्याहून लाखो पटींनी हलका का?

ओड्नी नावाच्या विद्यार्थिनीने वर्षानुवर्षे खपून उत्तर मांडले. तिच्या मार्गदर्शक राग्नफ्रिदबाईंनी ते वाचले.

"पोरी, हे आकडे आपोआप आले, की तू बसवलेस?"

"बसवले."

"मग हे उत्तर नाही गं. प्रश्नच पुन्हा लिहिलास."

ओड्नीने खडू ठेवला आणि ती थेट उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांवर गेली, वडिलांच्या मासेमारीच्या होडीवर. बाई रोज येत, तिचे अक्षर पाहत आणि न पुसताच जात. एकदा पुटपुटल्या, "जरा जास्तच बोलले मी."

वसंतात ओड्नी परतली. वाऱ्याने रापलेली. आपले अक्षर तसेच पाहून ती क्षणभर थबकली. मग खालच्या कोपऱ्यात तिने आडवी रेघ ओढली.

"बाई, ही आपल्याला न दिसणारी दिशा. वस्तुमान देणारं क्षेत्र या टोकाशी. प्रत्येक कण रेघेवर कुठंतरी वसलाय, ढगासारखा. जवळचा तो जड. लांबच्याची नुसती कड इथं पोचते, म्हणून तो हलका."

"आणि इलेक्ट्रॉन?"

"लग्नात दाराशीच अडकलेला पाहुणा! धुक्यात बाबांची होडी जराशी लांब गेली, की दिवा विझल्यासारखाच वाटतो. तसंच हे. अंतर थोडं, फरक लाखपटींचा."

"पण ही अंतरं कुणी ठरवली?"

"ते नाही सांगता येत."

मला वाटले, आता ही पुन्हा जाणार. पण बाई हसल्या. "डोंगराएवढा प्रश्न होता, टेकडीएवढा केलास की! बस, कॉफी आणते."

ती दिशा अजून कुणाला सापडलेली नाही. बाई निवृत्त झाल्या, ओड्नी दूर शिकवू लागली. भिंतीवर चकचकीत पडदा आला आणि मी जिन्याखाली गेलो. कधी डोळा लागला, की अंगावर ढग तरंगतात. काही जवळ, काही फार लांब.

मित्रांनो, माझे काही मागणे नाही. मात्र कुणाचे गणित चुकले, तर गणितासकट त्या माणसाला पुसून टाकू नका. तो परत येईपर्यंत एक कोपरा मोकळा ठेवा.