एकसष्ट कार्डं

आमच्या ऑफिसात कामापेक्षा कामाच्या बोर्डाला मान जास्त. मरोळला चौथ्या मजल्यावर आम्ही दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवतो. प्रत्येक कामाचं स्क्रीनवर एक कार्ड असतं; काम संपलं की ते ‘चालू’मधून उचलून ‘झालं’मध्ये टाकायचं. पण ते पान उघडायलाच युग लागायचं, मग कार्ड शोधा, ओढा, तीन रकाने भरा. माझं डोकं फिरायचं. एका शनिवारी वैतागून मी घरी बसून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं ‘सरक’. काळ्या स्क्रीनवर ‘सरक’, कार्डाचा नंबर आणि ‘झालं’ एवढं टाईप केलं की काम फत्ते. महिन्याभरात सगळी टीम तो वापरायला लागली, आणि मी हवेत.

वापरत नव्हते ते एकटे हर्बर्ट अंकल. वय चोपन्न, गोराईचे, रोज खाडी ओलांडून येणारे. आमच्या सॉफ्टवेअरची जुनी, किचकट दुखणी त्यांच्याशिवाय कुणालाही उमगत नसत. बोर्डाचा मात्र त्यांना मनापासून तिटकारा. रोज सकाळी चहाचा कप घेऊन माझ्या टेबलापाशी यायचे.

“चारशे बारा झालं गं. सरकव.”

मी सरकवायची. त्यांच्या बायकोने, ज्युलिया आंटीने, पाठवलेले सुके बोंबील कधीमधी माझ्या बॅगेत पडायचे. कोळीवाड्यातलं कुणी गोवंडीच्या पोरीला एवढं जपतं म्हणून आईला भारी कौतुक.

आता माझी अक्कल ऐका. कार्ड ‘झालं’मध्ये गेलं की ते कुणी संपवलं त्याचं नाव त्यावर चढतं, आणि ‘सरक’मध्ये मी ते नाव टाईप करणाऱ्याचं ठेवलं होतं. आपलं कार्ड आपणच सरकवणार, दुसरं कोण सरकवेल? हे लिहिणारी मीच, आणि रोज सकाळी दुसऱ्याची कार्डं सरकवणारीही मीच.

गेल्या महिन्यात आमचा मॅनेजर केयूर माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

“दीप्ती, तुझं ते सरक झकास आहे यार. तीन महिन्यांत कोणी किती कार्डं संपवली, ते एका झटक्यात येईल असं करून दे ना. वरून मागतायत.”

शाबासकी मिळाली की मला पुढचं दिसत नाही. वीस मिनिटांत करून दिलं. त्याच्यासमोरच चालवलं. दीप्ती एकसष्ट. चेतना चौतीस. वेन एकतीस. सगळ्यात खाली हर्बर्ट, शून्य.

केयूरने फोनवर फोटो काढला आणि गेला.

संध्याकाळी त्याच्या केबिनमध्ये गेले. जाताना वाक्य पाठ केलं होतं.

“केयूर, तो शून्य चुकीचा आहे. हर्बर्ट अंकलची कार्डं मी सरकवते, म्हणून माझ्या नावावर दिसतात.”

“असं?” त्याने लॅपटॉप मिटला. “हे बघ, तीसच्या खालच्याला ठेवायचं नाही, असं वरून आलंय. आणि तुझं पर्मनंटचं लेटर याच आकड्यावर मी आज पाठवतोय. तर नीट सांग. एकसष्टमधली त्यांची किती?”

मला माहीत होतं. दुपारी जेवण सोडून मी एकेक मोजली होती. त्यांची अडतीस, माझी तेवीस. तीन वर्षं दर सहा महिन्यांनी माझं काँट्रॅक्ट संपत होतं आणि दर सहा महिन्यांनी मी घरी खोटं हसत होते.

“दोन-चार असतील,” मी म्हणाले.

“मग काही फरक पडत नाही,” केयूर म्हणाला.

त्यानंतर मी मिठाची गुळणी धरली. तीन दिवसांत माझं लेटर आलं. आईने साऱ्या चाळीत पेढे वाटले. त्याच आठवड्यात हर्बर्ट अंकलना नोकरी सोडायला महिनाअखेरीची तारीख मिळाली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो मी.

शेवटच्या दिवशीही ते चहाचा कप घेऊन आले.

“पाचशे सहा झालं गं. सरकव.”

मी कीबोर्डवरून हात काढला. “अंकल, हे तुमच्या लॉगिनने करू या. माझ्यावरून केलं की माझ्या नावावर चढतं.”

“माहीत आहे की.” त्यांनी कप ठेवला. “पहिल्याच आठवड्यात बघितलेलं मी.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं? म्हटलं चढू दे. पोरगी काँट्रॅक्टवर आहे, तिला उपयोगी पडेल. माझं काम काय, सगळ्यांना ठाऊक आहे ना इथे.” ते हसले. “केयूरने विचारलं असतं तर तू सांगितलंच असतंस.”

मी स्क्रीनकडे बघून पाचशे सहा टाईप केलं. कार्ड सरकलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मला तो झटकून टाकावासा वाटला.

‘सरक’मधली ती ओळ मी अजून बदललेली नाही. दहा मिनिटांचं काम आहे. पण का बदलली, हे कुणीतरी विचारेल, आणि मग जुनी कार्डं उघडून मोजायला बसेल.