जळायचा राहिलेला ओल्डमॅन

मी ओल्डमॅन बोलतोय. वय एक वर्ष आणि वर आठ दिवस. आमच्यात एवढं आयुष्य कुणालाच लाभलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याची फार लाज वाटत आलीय.

बेळगावात डिसेंबर संपत आला की गल्लोगल्ली आमचा जन्म होतो. जुनी पँट, जुना शर्ट, आत पिंजर म्हणजे भाताचं वाळकं गवत, तोंडाला मुखवटा. एकतीस तारखेला सरतं वर्ष म्हणून आम्हाला जाळतात. चार दिवसांचं आयुष्य, पण शेवट टाळ्या-शिट्ट्यांत.

मला अनगोळच्या एका गल्लीत आरोहीनं केलं. खरं तर दोघींनी करायचं होतं. आरोही आणि समोरच्या घरातली सन्मती दुसरीपासून दर वर्षी मिळून ओल्डमॅन करायच्या. पहिल्या वर्षी दोघींनाही भीती वाटली, म्हणून काड्यांची पेटी सन्मतीनं धरली आणि काडी आरोहीनं ओढली. तोच पुढे नियम झाला. दोघी असल्याशिवाय ओल्डमॅन पेटणार नाही, अशी शपथसुद्धा झाली. दुसरा नियम सन्मतीच्या आजीचा, लक्ष्मीबाईंचा. घर जैनांचं. "आत मुंगी असंल, किडा असंल. आदी झाडा, मग जाळा," असं त्या म्हणायच्या. त्यामुळे आमच्या घराण्यात प्रत्येकानं मरणाआधी केरसुणीचा मार खाल्लाय.

माझ्या वेळी दोघी आठवीत होत्या. सन्मतीची शाळा बदलली होती, मैत्रिणी बदलल्या होत्या. भांडण झालं असतं तर ते मिटवता तरी आलं असतं, पण भांडणच झालं नव्हतं. आरोही पँट घेऊन तिच्या दारात गेली, तेव्हा सन्मती मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली, "अजून हेच करालीस व्हय गं? आता काय ल्हान हाव आपण?"

तरी तिनं वडलांचा एक शर्ट दिला आणि कन्नड पेपरची रद्दी दिली. ती माझ्या उजव्या पायात आहे. डाव्या पायात आरोहीच्या घरचा मराठी पेपर. त्यामुळे माझ्या दोन पायांचं कुठल्याच बातमीवर एकमत होत नाही.

एकतीस तारखेला संध्याकाळी सन्मती नव्या मैत्रिणींबरोबर केक कापायला गेली. आरोही काडी हातात धरून पायरीवर बसली. आजूबाजूचे ओल्डमॅन एकेक करून सुखानं गेले. शेवटी शेजारच्या भरमा अण्णांनी लायटर पुढं केला.

"सर हिकडं पोरी, मी लावतो की."

"नको अण्णा. पेटी तिच्याकडं हाय."

"अगं, लायटरला पेटी कशाला लागती?"

"नियम हाय," आरोही म्हणाली आणि रडायला लागली. रडू मलाही आलं होतं, पण पिंजर भिजलं तर पेटायला त्रास होईल म्हणून मी आवरलं.

झालं, मी पायरीवर राहिलोच. मार्चमध्ये सर्व्हेच्या बाई आल्या. त्यांनी माझं नाव कन्नडमध्ये विचारलं, मग मराठीत, मग हिंदीत. मी गप्प. त्यांनी 'कुटुंबप्रमुख, वृद्ध, ऐकू येत नाही' असं लिहून घेतलं. तेव्हापासून आरोहीचे वडील माझ्यासमोर जरा दबूनच वागायचे. सन्मती रोज समोरून जायची. माझ्याकडे बघायची नाही, पण न बघण्याची फार काळजी घ्यायची.

पावसाळ्याच्या तोंडावर आरोहीच्या रवळूकाकांनी मला उचगावला नेऊन रताळ्याच्या शेतात बुजगावणं म्हणून उभं केलं. पाखरं माझ्या खांद्यावर बसून गप्पा मारायची. मला मात्र एकच घोर. आपलं वर्ष सरून गेलं, आता उभं राहायचं ते कुठल्या तोंडानं? पेटी आणि काडी एकत्र कधी येणार? मी बांधाकडे डोळे लावून असायचो.

परवाच्या एकतीस तारखेला त्या आल्या. आरोहीनंच निरोप धाडला होता, 'काडी हाय माझ्याकडं.' सन्मतीला संध्याकाळी कुठं तरी जायचं होतं, म्हणून भर दुपारीच वडलांच्या स्कूटरवरून आली. दोघी उंच झाल्या होत्या. चार हात अंतर ठेवून उभ्या राहिल्या.

"शाळा कशी हाय?"

"बरी हाय. तुझी?"

"बरी."

मग सन्मतीनं पिशवीतून पेटी काढली. तीच, गेल्या वर्षीची.

"टाकली न्हाईस व्हय?"

"आईनं दोनदा मागिटली. दिली न्हाय."

मी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेतला. काडी पेटीला टेकली. तेवढ्यात सन्मती म्हणाली, "थांब गं. झाडलं न्हाय अजून."

तिनं माझ्या पोटावर दोन चापट्या मारल्या. शर्टाच्या बटणांमधून एका उंदरीणबाईनं तोंड बाहेर काढलं. दोघी एकदमच वाकल्या आणि त्यांची डोकी एकमेकींवर आपटली. आत पिंजरात पाच गुलाबी पिल्लं होती.

"अगं आई गं! बाळंतीण हाय ही!"

"मग? न्हाय पेटवायचं."

"न्हायच!"

आणि डोकं चोळत दोघी हसत सुटल्या, इतक्या की बांधावर फोनवर बोलणारे सन्मतीचे वडील फोन ठेवून बघत राहिले.

"म्होरल्या वर्षी?"

"म्होरल्या वर्षी. पण झाडून."

पेटी पिशवीत गेली, काडी कंपासपेटीत. पूर्वीसारख्या झाल्या असं मी म्हणणार नाही. स्कूटरवर बसल्या बसल्या सन्मतीनं मोबाईल काढला. पण वळणावर तिनं मागं वळून हात केला. तो आरोहीला होता की मला, ते माहीत नाही.

वर्षभर मी जळायची वाट बघितली. आता कळलं, मी त्या दुपारी जळून गेलो असतो तर त्या दोघींना पुन्हा एकत्र यायला कारणच उरलं नसतं.

म्हणून, उंदरीणबाई, तुमच्याकडे एकच मागणं आहे. खुशाल राहा. शर्ट कुरतडा, मराठी पाय खा, कन्नड पाय खा, मी ब्र काढणार नाही. फक्त पुढच्या डिसेंबरात, एकतीस तारखेच्या सुमारास, पुन्हा बाळंत व्हा.