काळे चित्र

आयनांचा झोत काचेवरच्या गुणसूत्रांवर पडला की त्यांचा थर झिजत जातो. उडालेले कण वजनानुसार वेगळे करून यंत्र चित्र उमटवते: कॅल्शियम असेल तिथे उजेड, नसेल तिथे काळोख. चित्र पुरे होईतो गुणसूत्रे संपलेली असतात.

या वेळी काचेवरची गुणसूत्रे यंत्र चालवणाऱ्या संशोधिकेच्या धाकट्या भावाची होती. उपचारांपूर्वी गोठवून ठेवलेली त्याच्या पेशींची एकच कुपी उरली होती. आता त्याच्या रक्तातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढत नव्हत्या, त्यामुळे नवी गुणसूत्रे मिळणार नव्हती. गुणसूत्रांत कॅल्शियम कमी निघाले, तरच डॉक्टर शेवटचे औषध देणार होते. ते हृदयाला झेपेलच असे नव्हते.

“आधी निरोगी पेशींवर करून पाहू,” प्रयोगशाळेचे सर म्हणाले होते.

“सर, तेवढा वेळ नाही हो त्याच्याकडे.”

तिने भावाच्या आणि निरोगी पेशींच्या काचा बरोबरच तयार केल्या.

“फोटो काढतेस आणि ‘हस’ म्हणत नाहीस,” त्या संध्याकाळी रुग्णालयाच्या खाटेवरून भाऊ म्हणाला.

“आधी दाढी कर, शहाण्या.”

त्याचे चित्र काळे आले. तिच्या जिवात जीव आला. मग निरोगी पेशींची काच लावली. तीही तशीच काळी.

दोन्ही काचा तिने नेहमीच्या सवयीने आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात धुतल्या होत्या. गुणसूत्रे सुटी, स्वच्छ दिसावीत म्हणून सूक्ष्मदर्शकासाठी सगळेच धुतात. त्या धुण्यात कॅल्शियमही वाहून गेले होते. भावाच्या पेशींत ते मुळात किती होते, हे आता कुणालाच कळणार नव्हते.

रुग्णालयात तिने त्याला सगळे सांगितले.

“मग पुन्हा कर की.”

“कुपी संपली रे.”

त्याने तिचा हात धरला. “ताई, कमी आहे म्हणून सांग. मी संमतीपत्रावर सही करतो.”

“आणि हृदय बंद पडलं तर?”

“नाही दिलं तर काय होणार आहे, ते तूच सांग.”

तेवढ्यात डॉक्टर आत आले.

“माझं चित्र काळं आलंय, डॉक्टर,” तो घाईने म्हणाला. “विचारा ताईला.”

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिले.

“निरोगी माणसाचंही काळंच आलंय,” ती म्हणाली. “यावरून काहीच ठरवता येणार नाही.”

भावाने तिच्या हातातला हात सोडवून घेतला आणि तोंड भिंतीकडे वळवले.