शेंदराखालचा तडा

बसा निवांत, चहा घ्या अन् ऐका. बजाजनगरच्या शिवराज वेल्डरची गोष्ट सांगतो. एका नावेपायी गड्याचा जीव कसा टांगणीला लागला, त्याची.

शिवराजचा हात ॲल्युमिनियमवर बसलेला. लोखंड बिचारं लाल होऊन सांगतं, बाबा, आता थांब. ॲल्युमिनियम काय बी सांगत नाय. नुसतं चकाकतं, अन् बघता बघता भोक.

एका दुपारी त्याच्या शेडापुढं टेंपोतनं पालथी नाव आली. कायगावच्या फकिराची. धरणाच्या फुगवट्यापलीकडं ज्यांची शेतं, त्या बायामाणसांना फकिरा रोज नेतो-आणतो. उन्हाळ्याचं पाणी उतरलं, बुडालेल्या विहिरीचा कठडा वर आला, अन् नावेनं नाकावर मार खाल्ला. हा एवढा पोचा, अन् पोच्यात तडा. सकाळी कांदा काढायला बाया न्यायच्या होत्या. फकिरा पुढं बसून आला, अन् नाव एकटी धाडायची नाय म्हणून त्याची माय भामाबाई मागं तिच्याशेजारीच बसून आलेली.

शिवराजनं लाकडी मोगरीनं आतनं ठोकून पोचा उठवला. तडा पुढं पळू नये म्हणून त्याच्या टोकाला बारीक भोक पाडलं. दुसरं टोक मात्र दिसंना. ते शेंदरात शिरलेलं. दर पाडव्याला नावेच्या नाकाला तेलातला शेंदूर फासायचे, त्याचं बोटभर जाड पुट चढलेलं. हे खरवडावं लागंल, असं त्यानं सांगितलं, तर भामाबाईनं वर तळवाच ठेवला.

"ह्याला मशिन लावायची नाय," ती म्हणली. "माझ्या मालकाच्या हातचा शेंदूर हाय खाली. त्यो हाय म्हणून आजवर कुणी बुडलं नाय."

फकिरा म्हणला, तडा तिथंच संपला आसंल, उगा काम वाढवू नको. शिवराज सवता मारुतीच्या पाया पडल्याबिगर शेड उघडत नाय. त्याचा बी हात कचरला. त्यानं शेंदराच्या कडेपर्यंतच जोड मारला. नाव सुलटी करून ठोकळ्यांवर ठेवली, आत पाणी भरलं. खाली थेंब नाय. फकिरानं खुशीत भजी मागवली.

नाव टेंपोत चढली. दोर आवळताना शिवराजचं बोट जोडाच्या शेवटावर गेलं. मिरं सांडल्यागत काळी बारीक भोकं. आचेनं तेल पाघळून जोडात शिरलेलं. पाणी जोडानं नाय, शेंदराच्या पुटानं अडवलेलं. भरल्या नावेला लाट बसली की इथनंच फाटणार. डबे घेऊन बसलेल्या बाया त्याला दिसाया लागल्या. गप बसला असता तर कुणाला कळणार होतं?

त्यानं जाऊन टेंपोची चावी काढून घेतली.

"मावशी, ह्यो जोड खोटा हाय. मी भ्यालो अन् तेलावर मारला. ही नाव मी जाऊ देत नाय."

फकिरानं गचांडी धरली. आत्ताच पाणी भरून दावलंस, अन् आता खोटा व्हय? शिवराजनं चावी सोडली नाय. भामाबाई टेंपोत चढून नावेच्या नाकाशी आली.

"माझ्या शेंदराखाली किती हाय रं तडा?"

"बघितल्याबिगर कसं सांगू, मावशी."

म्हातारीनं गरम पाणी मागितलं. मग आपल्या नखांनी एकेक खपली काढून पदरात घेत गेली. खाली तडा आणखी वीतभर गेलेला. फकिराचा हात आपसूक शिवराजच्या गळ्यावरनं खाली आला.

शिवराजनं खोटा जोड कापून काढला, पत्रा थिनरनं पुसला, तारेच्या ब्रशनं घासला, अन् श्वास धरून वेल्डिंगची टॉर्च पेटवली. ह्या टायमाला जोड माशाच्या खवल्यागत बसला.

भामाबाईनं जाताना एवढंच सांगितलं, "सकाळच्या पहिल्या फेरीला तू बसायचं. नाकाशी."

शिवराजला पोहता येत नाय. तरी गेला. बायांनी लई चेष्टा केली, वेल्डरला नाव पावली म्हणल्या. गड्यानं मान वर केली नाय. पलीकडचा काठ लागेस्तोवर जोडावर तळवा दाबून बसला. तळवा कोरडा राहिला.

पण मन काय निवलं नाय त्याचं. तिकडचं कुणी भेटलं की अजून इचारतो. तवा तुमचं कधी कायगावाकडं जाणं झालं, तर फकिराच्या नावेत नाकाशी बसा, आतनं जोडावर हात फिरवा, अन् कोरडं हाय का नाय, तेवढं शिवराजला कळवा.