वाळक्या तुती

सनोबरबीबीच्या जिभेला हाड नव्हतं, हे काबूलजवळच्या सगळ्या इस्तालिफ गावाला ठाऊक. पण त्या सकाळी ती जे बोलली, ते तिला जन्मभर पुरलं.

फिरंग्यांची फौज खाली द्राक्षमळ्यांत येऊन ठेपली होती. गेल्या थंडीत काबूलहून माघार घेताना त्यांची हजारो माणसं खिंडीत मेली, काही बर्फाने, काही सुऱ्यांनी. त्या हाडांचा सूड उगवायला हे आले होते. गाव डोंगरावर पळालं. सनोबर कुठे जाणार? तिचा नवरा नेककदम कुंभार भट्टीवरून पडून, मांडी मोडून खाटेला खिळलेला. नुसतं उचललं तरी किंचाळायचा.

घरात तिसरा होता शिवबालक, अवधचा शिपाई, त्याच संपलेल्या फौजेतला. बर्फाने पायाची बोटं झडलेली, काबूलच्या बाजारात सरपटत भीक मागत होता. नेककदमने मडकी विकली आणि रिकाम्या गाढवावर ह्याला घालून घरी आणलं. नऊ महिने ह्या बाबाने अंगणातल्या झाडाच्या वाळक्या तुती नि अक्रोड खाऊन काढले. मुसलमानाघरचं शिजलेलं चालत नाही म्हणे! सनोबरने आधी कपाळावर हात मारला, मग चांगल्या चांगल्या तुती निवडून त्याच्यासाठी ठेवू लागली.

"खाला, मी दारात उभा राहतो," शिवबालक म्हणाला. "माझीच माणसं आहेत. सांगतो त्यांना, ह्या घराने मला जगवलं."

सनोबरचा जीव थाऱ्यावर नव्हता. "तू राखणार आमचं दार? नऊ महिन्यांत आमच्या मिठाचा कण जिभेला लावला नाहीस! मिठाला जागायला आधी ते खावं लागतं, बाबा."

"सनोबर!" नेककदम खाटेवरून ओरडला. "पाहुण्याला असं बोलतात?"

शिवबालक चुलीपाशी जाऊन बसला. "नान दे, खाला. मीठ लावून."

"अरे, रागात बोलले मी. तुझा धर्म बुडेल ना!"

"दे गं."

त्याने तुकडा मिठाला लावला, डोळे मिटून गिळला आणि हसला. "नऊ महिने उगाच तुती चघळल्या की मी!"

मग शिपाईगिरीतला फाटका लाल कोट चढवून तो दारात गेला. गोऱ्यांची टोळी आली. हात वर करून त्याने आपल्या पलटणीचं नाव ओरडून सांगितलं. त्यांना एवढंच दिसलं, की आपली माणसं खिंडीत कुजली आणि हा शत्रूच्या घरात धडधाकट आहे. फितूर! संगिनी खुपसल्या. मागून आलेल्या साहेबाने कोट ओळखला, त्यांना शिव्या घातल्या, पुढे हाकललं. आत कोणी आलं नाही. जाताना अंगणातलं तुतीचं झाड मात्र तोडलं. गावात झाड म्हणून ठेवलं नाही त्यांनी.

फौज गेली, शेजारी उतरले. "पुरून टाक त्याला," म्हणाले.

"त्यांच्यात जाळतात," सनोबर म्हणाली.

"काफिराला अंगणात जाळणार? वेड लागलं काय तुला?"

"माझं मीठ खाल्लंय त्याने," सनोबर म्हणाली, आणि एकटीच तुतीच्या फांद्या ओढू लागली. ओलं लाकूड पेट घेईना. तिने भट्टीची वाळकी झुडपं आणून खाली सारली.

"दाबून रचू नकोस गं," आतून नेककदम रडत सांगत होता. "खालून वारा लागू दे."

संध्याकाळपर्यंत ते धुमसत राहिलं. सनोबर धुरात बसून होती. ओंजळीत उरलेल्या वाळक्या तुती होत्या, एकेक आगीत टाकत होती.

"ह्याच पुरे होत्या रे, लेकरा," ती म्हणत होती. "ह्याच पुरे होत्या."